मार्शल, बेलिफ आणि झाडलोटीची पाटी

सासरे आमच्याकडे राहायला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या खालच्या मजल्यावर गोळीबार झाला. मी ऑफिसात होते. त्यांचा फोन आला आणि ते अगदी शांतपणे म्हणाले, "अगं, खाली तीन गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधी एक घोडा आला होता. इथे पोलिसांचा नंबर काय आहे?"

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. बाबा सहसा घाबरत नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कोर्टांत त्यांनी सगळी नोकरी बेलिफ म्हणून केली. बेलिफ म्हणजे कोर्टाचं समन्स घेऊन माणसाच्या दारात जाऊन उभा राहणारा. असा माणूस कुणालाच आवडत नाही. बाबांच्या अंगावर कुत्री सोडली गेली आहेत, एकदा मधमाश्यांचं पोळं उठवलं गेलं आहे, आणि एका पैलवानाने त्यांना सायकलसकट उचलून ओढ्याच्या पलीकडे ठेवलं आहे. तेव्हा त्यांनी पोलिसांचा नंबर मागितला म्हणजे काहीतरी झालं असणार.

"बाबा, पोलीस नको," मी म्हटलं. "खाली एक आजोबा एकटेच राहतात. त्यांना कमी ऐकू येतं. रेडिओ मोठा लावला असेल."

"रेडिओवर घोडा?"

"मी आल्यावर बघते."

मी येईपर्यंत थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ज्या घरात गडबड आहे त्याच घराचं दार वाजवायचं, ही जन्माची सवय. संध्याकाळी मी पोचले तर बाबा घरात नाहीत. खाली गेले. आजोबांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत टेबलावर लाकडी पेटीचा एक रेडिओ, दिसायला जुना पण आतून इंटरनेटला जोडलेला. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला कानटोपी घातलेले बाबा. रेडिओतून वारा वाहत होता, कुठलंतरी दार करकरत होतं आणि एक भारदस्त आवाजाचा माणूस अमेरिकन इंग्रजीत कुणालातरी सांगत होता की, सूर्य मावळायच्या आत गाव सोड. बाबांनी माझ्याकडे न बघता हाताने खूण केली, थांब.

मीही थांबले. सांगायला हवं की, मी इथे जर्मनीत, नेकारसुल्ममध्ये, गाड्यांचे आवाज मोजते. दार बंद होताना ते कसं वाजावं, सीट सरकताना किती कुरकुरावी, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे मी गोष्ट न ऐकता आवाज ऐकत राहिले. ती बंदुकीची गोळी म्हणजे चामड्याच्या उशीवर मारलेली छडी होती, आणि तो घोडा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या. मी तसं म्हटल्यावर बाबा दुखावले. आजोबा मात्र खूश झाले. उठून स्वयंपाकघरातून दोन लाकडी वाट्या घेऊन आले आणि टेबलावर त्यांनी घोडा चालवून, दौडवून, शेवटी थांबवूनही दाखवला.

आजोबांची हकीगत मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना जिन्यात फक्त नमस्कार करत होतो. ते मूळचे हायडेलबर्गचे. लहानपणी त्यांची आई अमेरिकन सैनिकांच्या बराकीतल्या स्वयंपाकघरात कामाला होती. सैनिकांसाठी एक रेडिओ केंद्र होतं, त्यावर वेस्टर्न नाटकं लागायची. ओसाड मुलूख, एक धुळकट गाव, त्यात एक मार्शल, आणि कायदा अजून वाटेत कुठेतरी. आजोबांनी सगळं इंग्रजी त्या नाटकांतून उचललं. पुढे ते इथल्या गाड्यांच्या कारखान्यात लागले, निवृत्त झाले, बायको गेली, आणि मग कुणीतरी त्यांना सांगितलं की ती जुनी नाटकं सगळी इंटरनेटवर आहेत. तेव्हापासून रोज दुपारी चारला ते घोड्यावर बसतात.

त्या दिवसापासून बाबाही बसू लागले.

दोघांची भाषा ऐकण्यासारखी होती. बाबांचं इंग्रजी कोर्टातलं. त्यात माणूस नसतो, 'द सेड पर्सन' असतो. तो घरी नसतो असं नाही, तो 'नॉट फाउंड' असतो. आजोबांचं इंग्रजी घोड्यावरचं. त्यात कुणी विचार करत नाही, 'रेकन' करतो. बाबा दार वाजवायचे, आतून आवाज यायचा, "हाउडी, जज." बाबा रोज दुरुस्ती करायचे, "नॉट जज. बेलिफ." शेवटी आजोबांनी तोड काढली आणि त्यांना 'डेप्युटी' म्हणायला सुरुवात केली. बाबांनी ते मान्य केलं. नोकरीत त्यांना बढती मिळालीच नव्हती.

रात्री जेवताना आम्हाला अहवाल मिळायचा. माझा नवरा इंजिनच्या चाचण्या करतो आणि जेवताना त्याला शांतता लागते, पण बाबांपुढे त्याचं काही चालत नसे.

"आज मार्शल वॉरंट न दाखवता घरात शिरला," बाबा सांगायचे. "पंच नाहीत, पंचनामा नाही, सरळ दाराला लाथ. मी म्हटलं, असला पुरावा कोर्टात टिकायचा नाही."

"मग आजोबा काय म्हणाले?" मी विचारायची.

"म्हणाले, कोर्ट तीन दिवसांच्या अंतरावर आहे. मी म्हटलं, आमचंही होतं. सायकलवर."

पण एक गोष्ट त्यांना मनापासून आवडायची. जवळपास प्रत्येक गोष्टीत एक वेळ अशी यायची की, गाव दोर घेऊन तुरुंगाच्या दाराशी जमायचं, आणि मार्शल एकटा दारात उभा राहून सांगायचा की, याचा खटला होईल, तोवर याला कुणी हात लावायचा नाही. हे सांगताना बाबा घास हातातच ठेवायचे. एकदा म्हणाले, "आमच्यात कुणी दोर आणत नाही. पण गावाने एकदा ठरवलं की अमक्यानेच केलं, की दोराची गरजही उरत नाही."

माझ्या सासूबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या गेल्यापासून बाबा जेवताना एवढं कधी बोललेले मला आठवत नाहीत. म्हणून मी त्या मार्शलची आभारी होते. अजून पाच-सहा आठवड्यांनी तोच माझ्या मुळावर येणार आहे, हे मला माहीत नव्हतं.

आता माझ्या गुन्ह्याबद्दल.

आमच्या या भागात केअरवोखे नावाची प्रथा आहे. इमारतीत सहा बिऱ्हाडं. जिना झाडून पुसायची पाळी दर आठवड्याला एका घराची. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकते. शनिवारी काम उरकायचं आणि रविवारी संध्याकाळी ती पाटी आपल्या हाताने पुढच्या घराच्या दाराला नेऊन अडकवायची. ही पाटी कुणी केली, कधी केली, कुणालाच ठाऊक नाही. तिच्यावर एक झाडू आणि एक बादली कोरलेली होती. या सगळ्याचा मान राखायचं काम तळमजल्यावरच्या बाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. त्या पूर्वी एका शाळेच्या ऑफिसात होत्या आणि त्यांच्याकडे जिन्याची एक फाइल होती.

मे महिन्यात माझी पाळी आली. मी शनिवारी झाडलं, पुसलं, खिडकीच्या कडाही पुसल्या. रविवारी पाटी वरच्या मजल्यावर नेऊन अडकवली. तिथे नुकतीच एक नर्स राहायला आली होती. सोमवारी सकाळी कामाला निघाले, तर पाटी पुन्हा माझ्या दाराला. सोबत बाईंच्या अक्षरातली एक पिवळी चिठ्ठी: तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात अजून काहीतरी आहे.

मी जाऊन बघितलं. कोपऱ्यात एक वाळलेलं पान होतं. एक. बहुधा माझ्याच बुटाबरोबर आलेलं.

मी एरवी शांत आहे. पण त्या दिवशी ऑफिसात सकाळपासून गाडीच्या एका दाराच्या रबरी सीलवरून माझी खरडपट्टी निघाली होती. घरी आले, तर ती पाटी तशीच लटकत माझी वाट बघत होती. मी ती काढली, खाली अंगणात गेले आणि काळ्या डब्यात, म्हणजे रेस्टम्यूलमध्ये, इतर कुठल्याच डब्यात न बसणाऱ्या कचऱ्यात टाकली. वर चहाचा चोथा आणि बटाट्याची सालं टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येऊन डबा रिकामा करून गेली.

मला फार बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही.

गुरुवारी तळमजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या. पाटी दिसत नाही म्हणाल्या. तुम्ही पान उचलून ती वर दिलीत ना?

"जा, जा," मी म्हटलं. "गेनाऊ."

म्हणजे हो हो, अगदी तसंच. जर्मनीत इतकी वर्षं राहून मी हे दोन शब्द इतक्या वेळा उच्चारले आहेत की, ते तोंडातून आपोआप पडतात. पण म्हणून ते खोटं कमी होत नाही.

मग जे व्हायचं ते झालं. पाटी माझ्याकडून नर्सकडे गेली आणि नर्सकडून पुढे गेली नाही, असा हिशेब फाइलमध्ये लागला. नर्स नवीन होती. शिफ्टमुळे तिच्या येण्याजाण्याला धरबंध नव्हता. आधीच्या पाळीला तिने शनिवारऐवजी रविवारी झाडलं होतं, याचीही नोंद होती. खालच्या दारावर सूचना लागली: पाटी ज्या व्यक्तीकडे आहे तिने ती परत करावी, अन्यथा इमारतीच्या व्यवस्थापनाला कळवण्यात येईल. नाव नव्हतं, पण सगळ्यांना ते वाचता येत होतं. पहिल्या मजल्यावरच्या जोडप्याने तिच्या नमस्काराला उत्तर देणं बंद केलं. ती मला विचारायला आली. "माझ्या दाराला पाटी होती, सोमवारी सकाळी नव्हती. तुम्ही काही पाहिलंत का?"

मी नाही म्हटलं. दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. ती अजून पलीकडे उभी होती, हे मला तिच्या पिशवीच्या आवाजावरून कळत होतं.

त्या शनिवारी बाबा मला म्हणाले, "आज तू पण चल. चांगली गोष्ट आहे असं ते म्हणालेत."

मी चहाचा थर्मास आणि चकल्या घेऊन गेले. गोष्ट अशी होती. एका गावात गुरांच्या कोंडवाड्याचं फाटक कुणीतरी उघडं टाकतं आणि सगळी गुरं पांगतात. गावात नुकताच आलेला एक भटका माणूस असतो, त्याच्यावर आळ येतो. गाव दोर घेऊन जमतं. मार्शल तुरुंगाच्या दारात खुर्ची टाकून बसतो. बंदूक काढत नाही. नुसता बसतो आणि म्हणतो, "मी उद्या दुपारपर्यंत थांबणार आहे. ज्याने फाटक उघडलं त्यालाही माहीत आहे की मी थांबलोय."

इथे आजोबांनी रेडिओ थांबवला. त्यांची ही रीत होती, मध्येच थांबवून डेप्युटीला विचारायचं. "कुणी केलं असेल?"

बाबांनी चकलीचा तुकडा मोडला. "गर्दीत ओरडणारे पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "त्यातला कुणी नाही. जो मागे गप्प उभा आहे, तो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी उठून म्हटलं की, गॅसवर वरण ठेवलंय. आमच्याकडे गॅस नाही, इंडक्शन आहे. आणि वरण सकाळीच झालं होतं.

बुधवारी संध्याकाळी मी भाजी चिरत होते. बाबा स्वयंपाकघरात आले. त्यांनी स्वेटरच्या आत इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पायात चपलांऐवजी बूट होते. मागे माझा नवरा, गोंधळलेला. बाबांनी चौकोनी घडी घातलेला एक कागद माझ्यापुढे धरला.

"हे काय?"

"समन्स," बाबा म्हणाले. "वाचून घे आणि इथे सही कर. हा पंच आहे." त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं.

कागदावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "तुम्हांस याद्वारे कळविण्यात येते की, जिना झाडण्याच्या पाटीबाबत विचारपूस करणे असल्याने तुम्ही येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता तळघरातील कपडे धुण्याच्या खोलीत जातीने हजर राहावे. कसूर केल्यास तुमच्या गैरहजेरीत निकाल दिला जाईल याची नोंद घ्यावी."

"बाबा, मी तुमची सून आहे."

"म्हणून तर हातात देतोय. नाहीतर दाराला चिकटवलं असतं."

मी सुरी खाली ठेवली. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच. सोमवारी सकाळी फिरायला निघालो तेव्हा पाटी आपल्या दाराला होती. संध्याकाळी तू आल्यावर नव्हती. आणि त्या दिवशी तू चक्क गुणगुणत पोळ्या करत होतीस."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मी कधीही कुणाच्या घरी गेलो की आधी लांबून सायकलची घंटा वाजवायचो. माणसाला आपणहून बाहेर येता यावं म्हणून. दहा दिवस घंटा वाजवतोय. तू काही बाहेर येईनास."

नवरा आता हसू लागला होता. "एवढंच? मी तर ती जाळली असती," तो म्हणाला. बाबांनी त्याला पंचाने मध्ये बोलायचं नसतं असं सांगितलं. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी घरात आधी कुणालाच सांगितली नव्हती, हे मला नवऱ्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

पाटण भागातल्या एका वस्तीवर ते एका माणसाला वॉरंट बजावायला गेले होते. बांधावरून मारामारी झालेली. तो माणूस कणगीमागे लपला होता आणि त्याचे पाय बाबांना दिसत होते. आतल्या खोलीत त्याची बायको बाळंतपणाच्या कळा देत होती. बाबांनी बाहेर येऊन कागदावर लिहिलं, सदरहू इसम घरी आढळून आला नाही. सायकलवर बसून परतले, आणि मनात म्हणाले की, आज आपण बरं काम केलं. आठवड्याने कळलं की, तो सापडत नाही म्हणून पोलिसांनी त्याच्या धाकट्या भावाला उचलून नेलं होतं. भावाचा त्या मारामारीशी काही संबंध नव्हता. तो तीन दिवस आत होता.

"मी एकाला सोडलं, ते दुसऱ्याच्या गळ्यात पडलं," बाबा म्हणाले. "मला कणगीमागचे पाय दिसले होते गं. त्या भावाचं तोंड मी कधी बघितलंच नव्हतं. तुझ्या बाबतीत तर वरची मुलगी रोज जिन्यात दिसते." मग म्हणाले, "सही कर. आणि त्या कोबीत मटार घाल थोडे."

मी सही केली. पंचानेही केली.

शनिवारी अकराला तळघरात सगळे जमले. बाकीच्यांना आजोबांनी बोलावलं होतं, पाटीचा छडा लागला आहे एवढंच सांगून. कपडे धुण्याच्या खोलीत चार मशिनं, दोन दोऱ्या आणि एक लोखंडी खुर्ची. खुर्चीवर आजोबा. त्यांच्या डोक्यावर रुंद काठाची चामड्याची टोपी होती. कार्निव्हलसाठी त्यांच्या बायकोने कधीतरी घेतलेली, असं त्यांनी नंतर सांगितलं. तळमजल्यावरच्या बाई फाइल घेऊन आल्या होत्या. नर्स कोपऱ्यात हात बांधून उभी होती. तिला वाटत होतं की हे सगळं तिच्यासाठीच आहे.

आजोबांनी मला जर्मनमध्ये विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

मी तीन दिवस वाक्य पाठ केलं होतं. क्रियापद शेवटी, सगळं व्याकरण जागच्या जागी. तोंड उघडलं आणि नेमकं त्याच क्षणी तिसऱ्या मशिनाने कपडे पिळायला घेतले. ती खोली थरथरू लागली. कुणालाच काही ऐकू येईना. आम्ही सगळे सहा मिनिटं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. माझ्या कानाला स्पष्ट कळत होतं की त्या मशिनाच्या ड्रमचं बेअरिंग गेलं आहे, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

मशीन थांबलं. मी म्हटलं, "पाटी मी फेकून दिली. मला राग आला होता. ती रेस्टम्यूलच्या डब्यात टाकली, आणि विचारल्यावर खोटं बोलले. हिचा काही संबंध नाही."

तळमजल्यावरच्या बाईंचा चेहरा पडला. "रेस्टम्यूलमध्ये?" त्या म्हणाल्या. "लाकूड?"

त्यांना खरोखरच धक्का बसला होता. राग समजण्यासारखा होता, खोटंही एकवेळ समजण्यासारखं होतं, पण लाकूड काळ्या डब्यात टाकणारी बाई आपल्या इमारतीत राहते, हे त्यांच्या पचनी पडेना. मी सांगितलं की, वर बटाट्याची सालंही टाकली होती. प्रामाणिक राहायचंच तर पूर्ण. "पण सालांचा डबा तपकिरी आहे," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. माझा नवरा ड्रायरकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

आजोबा टोपी सावरून निकाल सांगणार, तेवढ्यात नर्स बोलली. तिचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"पाटीचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण दोन आठवडे या जिन्यात लोक माझ्याकडे बघून नजर फिरवत होते. मी कामावरून येते तेव्हा आधीच थकलेली असते. मग जिन्यात पाय टाकायच्या आधी मी खाली थांबून कानोसा घ्यायचे, वर कुणी नाही ना."

मी माफी मागितली. जर्मनमध्ये ती दोन प्रकारे मागता येते, मी दोन्ही प्रकारे मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे." पण माझ्याकडे बघून नाही. मी ते समजू शकले.

निकाल असा लागला की, पुढचे चार आठवडे जिना मी झाडायचा. बाबा म्हणाले, आरोपीने गुन्हा कबूल केला आहे, तेव्हा दोन पुरेत. आजोबा म्हणाले, या मुलखात चार. त्यावर दोघांची इंग्रजीत बरीच वादावादी झाली, तीत 'द सेड स्टेअरकेस' आणि 'रेकन' हे शब्द पुष्कळदा आले, आणि तीनवर तडजोड झाली. तळमजल्यावरच्या बाई तोवर बाजूच्या कपाटाशी गेल्या होत्या. त्यांनी आतून एक पाटी काढली. झाडू, बादली, सगळं तसंच. मला आत अजून दोन दिसल्या.

"म्हणजे तुमच्याकडे जादा होत्या?" मी विचारलं.

"अर्थात," त्या म्हणाल्या. "पाट्या हरवतात."

बाईंनी नर्सची माफी शब्दांत मागितली नाही. ते त्यांच्याने झालं नसतं. पण माझे तीन आठवडे संपून नर्सची पाळी आली, तेव्हा त्या शनिवारी सकाळी मला जिन्यात ब्रशचा आवाज आला. बघितलं तर बाई गुडघ्यावर बसून वरच्या मजल्याच्या पायऱ्या पुसत होत्या. पाटी नर्सच्याच दाराला होती. त्यांनीच मान वर न करता सांगितलं, "तिची या आठवड्यात पहाटेची ड्यूटी आहे."

व्हिसा संपत आला, तसे बाबा जूनमध्ये परत गेले. निघताना आजोबांनी त्यांना पत्र्याचा एक बिल्ला दिला. खेळण्यातला, पाच टोकांचा तारा. बाबांनी तो स्वेटरवर लावला आणि विमानतळावर तपासणीला तो काढायला लागला, याचा त्यांना अभिमान वाटला. आता रोज त्यांच्या दुपारी, म्हणजे इथल्या सकाळी, ते साताऱ्याच्या घरी फोनवर एक नाटक ऐकतात आणि मग आजोबांना त्याबद्दल मेसेज करतात. मेसेज कोर्टाच्या इंग्रजीत असतात, त्यामुळे आजोबा वर येऊन ते माझ्याकडून समजावून घेतात. मागच्या आठवड्यातला असा होता: सदर मार्शल आज पुन्हा वॉरंटशिवाय आत शिरला आहे, समज देण्यात यावी.

नर्सशी माझं बोलणं सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. त्या दिवशी आम्ही दोघी एकाच वेळी कचरा टाकायला अंगणात गेलो. मी काळ्या डब्याचं झाकण उचलून उभी होते. तिने तिची पिशवी टाकली आणि थोडी घुटमळली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ती पाटी आत टाकताना कसं वाटलं?"

मी आजूबाजूला बघितलं. "खूप छान," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि झाकण माझ्या हातातून घेऊन सावकाश लावलं, आवाज होऊ न देता.